दोन पांढरीं चूर्णें

पारा आणि क्लोरीन यांच्या संयोगानें दोन निरनिराळे क्षार तयार होतात. दोन्ही पांढरे, दोन्ही वजनास जड. त्यांपैकीं कॅलोमेल पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. पूर्वीं तें रेचक म्हणून सर्रास दिलें जाई. दुसरें कॉरोसिव्ह सब्लिमेट. तें पाण्यांत विरघळतें, आणि त्याच्या एकदोन ग्रॅमांनीं मनुष्याचा प्राण जाऊं शकतो. शास्त्रीय नांवांत हा भेद एवढ्याशा प्रत्ययावर उभा आहे: पहिलें मर्क्युरस क्लोराइड, दुसरें मर्क्युरिक क्लोराइड.

हिराकस, मोरचूद, नवसागर हीं नांवें कानाला गोड खरीं. पण त्यांवरून आंत काय आहे याचा बोध होत नाहीं. लाव्हाझिए व त्याचे तीन सहकारी यांनीं १७८७ सालीं पॅरिस येथें नवी नामपद्धति प्रसिद्ध केली ती याच अडचणीमुळें. नांव उच्चारतांच घटक कळावेत, हा त्यांचा आग्रह.

घटकांचें प्रमाण मात्र विद्युद्भार ठरवितो. धातूचा परमाणु इलेक्ट्रॉन गमावून धनभारित होतो, अधातूचा ते घेऊन ऋणभारित. आणि भारांची बेरीज शून्य व्हावी लागते. मिठांत सोडियमचा भार एक, क्लोरीनचाही एक. म्हणून जोडी एकास एक. कॅल्शियमचा भार दोन, म्हणून त्याला दोन क्लोरीन लागतात. सूत्रांत अक्षराच्या पायथ्याशीं लिहिलेला लहान आंकडा एवढेंच सांगतो. नांवांत तो उच्चारावा लागत नाहीं, कारण कॅल्शियमचा भार बदलत नाहीं. धातूचें नांव आधीं, अधातूचें मागाहून ‘आइड’ लावून, कीं काम झालें.

लोखंड, तांबें, पारा हे मात्र एका भारावर स्थिर राहत नाहींत. म्हणून कमी भाराला ‘अस’, अधिकाला ‘इक’: हिराकसांतलें लोखंड फेरस, मोरचुदांतलें तांबें क्युप्रिक. १९१९ सालीं आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनज्ञानें प्रत्ययाऐवजीं धातूच्या नांवापुढें भाराचा आंकडाच लिहावा असें सुचविलें. आज तो रोमन आंकड्यांत लिहितात, आणि हीच रीत अधिक सरळ आहे. ‘अस’ व ‘इक’ ऐकतांना घोटाळा व्हायला कितीसा वेळ लागतो!

पाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. मर्क्युरिक क्षारांत एका पाऱ्यास दोन क्लोरीन. मर्क्युरसमध्यें पाऱ्याचे दोन परमाणु एकमेकांस जखडलेले असून त्या जोडीचा मिळून भार दोन. म्हणून सूत्र दोन पारे, दोन क्लोरीन असेंच लिहितात. अपूर्णांकाप्रमाणें तें एकास एक करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तो चुकीचा. (पाऱ्याच्या या क्लोराइडांतील बंध पुरता आयनी नसतो, तरी भारांचा हिशोब असाच करतात.)

कॅलोमेलही निरुपद्रवी नव्हतेंच. इंग्लंडांत दांत येणाऱ्या बालकांना देण्याच्या चूर्णांत तें असे. त्यामुळें हातपाय लाल होऊन सुजण्याचा ‘गुलाबी रोग’ होतो, असें विसाव्या शतकाच्या मध्यास लक्षांत आलें, आणि तीं चूर्णें बाजारांतून गेलीं.