चाक उतरविण्याची विद्या

मोटारसायकलीचा टायर झिजला की गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात नेऊन उभी करावी, हा आपल्याकडचा सर्वमान्य रिवाज आहे आणि त्यात गैर असे काहीच नाही. तथापि ज्या दोन चाकांच्या भरवशावर आपण घरच्या माणसाला मागे बसवून घाट उतरतो, ती चाके गाडीशी कशाने जखडलेली आहेत, ते नट कोणत्या क्रमाने सुटतात आणि कोणत्या क्रमाने पुन्हा आवळावे लागतात, याचे प्रत्यक्ष ज्ञान मालकाला असावे, अशा मताचा मी आहे. म्हणूनच टायर बदलण्याचे काम मी घरच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी करतो.

माझी गाडी स्प्लेंडर आहे. १९९४ साली हीरो होंडाने बाजारात आणलेली, ९७.२ सीसी इंजिनाची ही गाडी आपल्या खेड्यापाड्यांत इतकी रुळली आहे की दुधाच्या कॅनपासून खताच्या पोत्यापर्यंत सर्व जिन्नस तिच्या पाठीवरून निमूटपणे वाहिले जातात. आऱ्यांच्या चाकांच्या या नमुन्यात पुढचा आणि मागचा टायर २.७५-१८ या एकाच मापाचा असतो. टायरची रुंदी २.७५ इंच आणि रिमचा व्यास १८ इंच. माप एक असले तरी दोघांची कर्तव्ये भिन्न आहेत. पुढच्या टायरला दिशा धरून ठेवायची असते, म्हणून त्यावर परिघाला धरून धावणाऱ्या रेषा असतात. मागच्याला इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवायचा असतो, म्हणून त्यावर ठोकळ्यांची नक्षी असते आणि तोच अगोदर झिजतो. दुचाकीच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरहून कमी असू नये, असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. परंतु पावसाळ्यातील ओल्या डांबरावर ज्याने एकदा ब्रेक दाबला आहे, तो या किमान मर्यादेपर्यंत वाट पाहणार नाही.

मागचे चाक काढण्यासाठी गाडी सपाट व कठीण जमिनीवर मधल्या स्टँडवर चढवावी. मात्र ॲक्सलच्या मुख्य नटाचा पहिला ताण, गाडीचे वजन चाकांवर असतानाच, सैल करून घ्यावा, म्हणजे पुढे पान्याच्या हिसक्याने गाडी स्टँडवरून ढळत नाही. मग ब्रेक रॉडच्या टोकाचा नट काढून रॉड मोकळा करावा आणि त्याची स्प्रिंग व छोटी पिन त्याच रॉडवर पुन्हा अडकवून ठेवावी. यानंतर पाळी येते ती ब्रेकप्लेटला मागच्या चिमट्याशी, म्हणजे स्विंगआर्मशी, बांधणाऱ्या लोखंडी पट्टीची. ही पट्टी दिसायला क्षुल्लक, परंतु तिची जबाबदारी फार मोठी. ब्रेक दाबताच चाकाबरोबर फिरू पाहणाऱ्या ब्रेकप्लेटला तीच एकटी रोखून धरते, आणि म्हणूनच तिच्या नटाला अखेरची हमी म्हणून एक स्प्लिट पिन दिलेली असते. सुटलेला प्रत्येक भाग मी जुन्या वर्तमानपत्रावर, सुटला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडून ठेवतो. जोडणीच्या वेळी हीच रांग उलट दिशेने वाचली की पुढचा सगळा तपशील आपोआप हाती येतो.

आता मुख्य नट काढून ॲक्सल बाहेर ओढावा. तो येताच उजवीकडचा कॉलर खाली पडतो, तो हाती धरावा. आणि येथेच या गाडीच्या रचनाकाराची खरी दूरदृष्टी प्रत्ययास येते. डाव्या बाजूस ॲक्सलभोवती जो दुसरा मोठा नट दिसतो, त्याला हात लावायचा नसतो. कारण स्प्रॉकेट आणि चेन यांना चिमट्यात जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपविलेले आहे. चाक उजवीकडे किंचित सरकविले की हबमधील रबरी गाद्यांतून स्प्रॉकेटचे खुंट अलगद सुटतात, चेन न उतरता, तिला तेलकट बोट न लागता, चाक एकटे मोकळे होते. मग दुसऱ्याने गाडी जरा कलती धरली की ते मडगार्डखालून बाहेर निघते. दुरुस्ती करणारा माणूस पुढे कधीतरी येणार आहे आणि त्याला वाट ठेवली पाहिजे, हा विचार यंत्र घडविण्याच्या वेळीच कोणीतरी केलेला असतो.

तीच गोष्ट अधिक सूक्ष्म रूपाने रिममध्ये दिसते. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. मग रिमच्या उंच काठावरून ती बाहेर कशी यावी? नवखा माणूस येथे टायर लिव्हरवर सगळे बळ एकवटतो, ट्यूब चिमटवतो, रिमचा काठ वाकवतो. वस्तुतः रिमच्या मध्यभागी सभोवार एक खोलगट पन्हळ असते. हवा पूर्ण काढून टायरची एक बाजू पायाने या पन्हळीत दाबून बसविली की तेथे तारेचा घेर जितका आत जातो तितकी ढील समोरच्या बाजूस मिळते, आणि लिव्हर जवळजवळ बोटांच्या जोरावर फिरते. वॉल्व्ह असतो तेथे पन्हळ अडलेली असते, म्हणून टायर उघडण्यास वॉल्व्हपाशी आरंभ करावा आणि बसविताना शेवटही तेथेच करावा.

या साध्या दिसणाऱ्या युक्तीमागे मोठा इतिहास आहे. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले खरे, पण ते टायर रिमला चिकटविलेले असत आणि पंक्चर काढणे हा तासांचा, कधी दुसऱ्या दिवसावर जाणारा उद्योग असे. १८९० साली चार्ल्स वेल्च यांनी न ताणणारी तार आणि मध्ये खोलगट असलेली रिम यांची जोडी सुचविली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी आपला सुटा होणारा टायर पुढे आणला. आपल्या अंगणातली लिव्हर आजही वेल्च यांच्याच सिद्धांतावर चालते.

नवा टायर चढविण्यापूर्वी जुन्या टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा कोठे रुतला आहे ते पाहावे आणि त्याच जागी ट्यूब तपासावी. आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी फाटली असल्यास बदलावी. ब्रेकच्या ड्रममधील काळी धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती फुप्फुसाला घातक असते. टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेने आहे याची खातरजमा करून, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून, कडांना साबणाचे पाणी लावून टायर बसवावा. हवा भरल्यावर रिमलगत टायरवर उमटलेली बारीक रेषा सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, म्हणजे टायर नीट बसला. पुढे २५ पौंड, मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ४१ पौंड हवा ठेवावी.

पुढच्या चाकाचे काम त्या मानाने सोपे. तेथे ब्रेक व स्पीडोमीटरच्या केबल आणि ॲक्सल एवढेच सोडवायचे असतात. परंतु चाक परत घालताना फोर्कवरचा उंचवटा ब्रेकप्लेटवरच्या खाचेत बसला आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून नट आवळू नये. मागे जे कर्तव्य पट्टीचे, तेच पुढे या खाचेचे. मागची जोडणी पुरी झाली की चेन ॲडजस्टरच्या दोन्हीकडच्या खुणा समान कराव्या, जुनी स्प्लिट पिन फेकून नवी घालावी, ब्रेक दाबून पाहावा आणि मग गल्लीतल्या गल्लीत सावकाश एक फेरी मारावी.

हे सारे शिकल्याने पंक्चरवाल्याची रोजी बुडत नाही. उलट भर उन्हात रस्त्याच्या कडेला तो हेच काम किती थोड्या हालचालींत उरकतो, याची खरी किंमत तेव्हाच कळते. जेथे जोर फार लागतो तेथे रचनाकाराने ठेवलेली वाट आपल्याला अजून सापडलेली नाही, असे समजून हात थांबवावा आणि ती शोधावी. यंत्राला न दुखविता त्याची सेवा करण्याचा हा एकच नियम मला या कामाने शिकविला आहे, आणि तो ज्याच्या हातात मुरला त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर घरच्या माणसाने निश्चिंत बसावे.