वाघ्या का बिघडला?

मी देवणीचा. लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं आमचं तालुक्याचं गाव. देवणी म्हटलं की लोकांना आठवतात ती देवणी जातीची गाय-बैलं. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा हे त्यांचे तीन प्रकार आमच्याकडे शाळेतलं पोरगंही ओळखतं. पण हा लेख गाय-बैलांवर नाही, आमच्या घरच्या कुत्र्यावर आहे. त्याचं नाव वाघ्या. (खंडोबाच्या मुलखात दुसरं काय नाव ठेवणार?)

वाघ्या कारवान जातीचा. लांबट तोंड, आत गेलेलं पोट, काटक पाय. हे कुत्रं दख्खनच्या पठारावरचं. कर्नाटकात याच वळणाच्या कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जात जोपासली. ९ जानेवारी २००५ ला भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातही मुधोळ हाउंड आहे. आपल्याकडे लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांसोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. गेलात तर जरूर बघा.

असो. मी बारावीत असताना वाघ्या पिल्लू म्हणून घरी आला. रोज संध्याकाळी मी त्याला शेतात न्यायचो. तो धावायचा, मी मागे दमायचो. मग मला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली आणि मी होस्टेलवर आलो. महिनाभरात घरून तक्रारी सुरू!

"तुझ्या वाघ्यानं अण्णाची नवी चप्पल खाल्ली."

"आज दोरीवरचे कपडे ओढले."

"आज शेजारच्या काकूंच्या शेळीमागं लागला. काकू लई चिडल्यात."

शेवटी एके दिवशी फोनवर अण्णाच आले. "हे बघ, कुत्रं बिघडलंय. दिवाळीपर्यंत बघतो, न्हाई तर कुणाला तरी देऊन टाकतो."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मेसचं जेवण होतं, हे कारण वेगळं! पण खरंच सांगतो, पोटात गोळा आला. दिवाळीला दोन महिने होते.

मग आपण इंजिनिअर लोक करतो तेच केलं, डेटा जमवला. आईला सांगितलं, "वाघ्यानं काही केलं की फक्त वेळ लिहून ठेव." पंधरा दिवसांनी आईने कॅलेंडरवरच्या नोंदी वाचून दाखवल्या. सव्वापाच, सहा, पावणेसहा, साडेपाच... दोन सोडल्या तर बाकी सगळ्या संध्याकाळी पाच ते सातमधल्या. म्हणजे मी त्याला शेतात न्यायचो ती वेळ! त्या वेळी तो आता अंगणात साखळीला असायचा, सुटला की दिसेल त्यावर तुटून पडायचा. वाघ्या बिघडला नव्हता. वाघ्या रिकामा होता.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. घरातलं कुत्रं 'वाईट वागतं' तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काहीतरी काम राहून गेलेलं असतं. कुत्र्याला चार कामं लागतात : पायांचं, नाकाचं, दातांचं आणि डोक्याचं.

पायांचं काम : कारवान हे नजरेने शिकार करणारं कुत्रं. पळती वस्तू दिसली की पाठलाग हा त्याच्या रक्तातच. त्याला धावायला मिळालंच पाहिजे. पण रस्त्यावर किंवा शेळ्या असतील तिथे मोकळं सोडायचं नाही, लांब दोरी वापरायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फिरवणं सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. रस्त्यावर तळहात पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पायालाही बसणार.

नाकाचं काम : कुत्र्याला जग कळतं ते मुख्यतः वासाने. म्हणून फिरताना ते खांब हुंगत थांबलं तर ओढू नका, ते त्याचं वर्तमानपत्र वाचतंय! घरात सोपा खेळ : भाकरीचे तुकडे जुन्या पोत्याच्या घड्यांत किंवा अंगणात लपवायचे आणि 'शोध' म्हणायचं. पंधरा-वीस मिनिटं असा शोध घेतला की कुत्रं समाधानाने पडून राहतं. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा तर हा खेळ फारच उपयोगी.

दातांचं काम : चावणं ही कुत्र्याची गरज आहे, दात येत असताना तर जास्तच. जाड सुती दोरीला गाठी मारून द्या. फाटकी चप्पल मात्र खेळायला देऊ नका. जुनी चप्पल आपली आणि नवी चप्पल अण्णांची, हा फरक त्याला कोण समजावणार? शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषारी आहेत.

डोक्याचं काम : म्हणजे शिकवणं. इथे कंट्रोल सिस्टीमचा तास आठवा. फीडबॅकला उशीर झाला की सिस्टीम डळमळते. कुत्र्याचंही तसंच आहे. 'बस' म्हटल्यावर बसलं की त्याच क्षणी तुकडा आणि शाबासकी. सकाळी खाल्लेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मारलं तर ते कशाबद्दल ते त्याला कळत नाही, 'अण्णा आले की मार बसतो' एवढंच कळतं. तसंच, हाक मारून बोलावलं आणि आल्यावर रागावलं, तर पुढच्या वेळी ते येणारच नाही. चूक त्याची नाही, आपल्या प्रोग्रॅमिंगची!

दुसरं म्हणजे घरातल्या सगळ्यांचे शब्द एकच हवेत. आमच्याकडे आई 'हट', अण्णा 'ए' आणि धाकटी बहीण 'नो वाघ्या नो' म्हणायची. त्याने कुणाचं ऐकावं? आणि नियमही एकच हवा. अंगावर उडी मारल्यावर चार वेळा दुर्लक्ष आणि पाचव्या वेळी लाड, असं झालं तर ती सवय आणखी पक्की होते. कधीतरीच मिळणारं बक्षीस सवय जास्त टिकवतं, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. लॉटरीचं तिकीट लोक पुन्हा पुन्हा का घेतात, ते आठवा.

याशिवाय दोन गोष्टी. शांत कुत्रं अचानक गुरगुरायला लागलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, कुठेतरी दुखत असू शकतं. आमच्या भागातल्या लोकांना उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आणि रेबीजची लस न चुकता द्या. कोणतंही कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठा. हळद-मिरची भरत बसू नका.

आता वाघ्याचं काय झालं? मी फोनवरून वेळापत्रक दिलं. सकाळी शेताकडे जाताना अण्णांनी त्याला दोरीने सोबत न्यायचं, संध्याकाळी साडेपाचला बहिणीने 'शोध' खेळायचा, मग दहा मिनिटं 'बस', 'थांब', 'सोड'. अण्णा आधी म्हणाले, "कुत्र्याला बी टाइमटेबल?" पण नेऊ लागले. पहिला आठवडा काही फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात तक्रारी कमी झाल्या. दिवाळीत घरी गेलो तर वाघ्या अण्णांच्या पायाशी झोपलेला. मला बघून उठला, नाचला आणि पुन्हा जाऊन अण्णांपाशीच बसला! थोडं वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. देऊन टाकायचा विषय कुणीच काढला नाही.

शेळी दिसली की त्याचे कान अजून उभे राहतात. ते जाणार नाहीत, म्हणून त्या गल्लीत दोरी सुटत नाही. काकूंशीही आता बोलणं आहे.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, "नोकरी लागू दे, पुण्यात फ्लॅट घेतो आणि मस्त कुत्रं पाळतो." जरूर पाळा. पण पिल्लाची किंमत विचारण्याआधी आपल्या दिवसातले तास मोजा. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक तास रोज देता येणार असेल तरच आणा. नाही तर सुटीत देवणीला या. वाघ्याला फिरवायला माणूस हवाच असतो.