करंगळी बधिर, मूळ मानेच्या तळाशी

राजूर म्हणजे कोळसा खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. इथं हाताची पकड गेली, की रोजी गेली. म्हणून आज आपण मणक्यातली गादी सरकण्याचा एक क्वचित दिसणारा प्रकार समजून घेऊ.

मानेत मणके 7, पण नसांच्या जोड्या 8. आठवी नस निघते मानेचा शेवटचा आणि पाठीचा पहिला मणका यांच्या मधून. पाठीच्या मणक्याला बरगड्यांचा आधार असतो, त्यामुळे हा सांधा कमी हलतो. बहुतेकदा गादी सरकते ती याच्या वरच्या दोन सांध्यांत, इथं क्वचितच.

पण सरकली, तर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, पकड ढिली पडते. मान फारशी दुखेलच असं नाही. मग आपण म्हणतो, कोपरात नस दबली असेल! फरक बघा: कोपरातल्या दाबाने आलेला बधिरपणा सहसा मनगटाच्या वर चढत नाही. मानेतल्या दाबाने तो हाताच्या आतल्या बाजूने कोपराकडे जाऊ शकतो.

तपासणीतही हा सांधा निसटतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेत तो खांद्यांमागे झाकला जातो. एमआरआयचे आडवे छेदही कधी त्याच्या वरच थांबतात. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारावं, ‘मानेचा तळ नीट दिसला का?’

बऱ्याच जणांना औषध, विश्रांती आणि व्यायामाने आराम पडतो. पण पकड दिवसेंदिवस कमी होत असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.