बिनतारी जाळे आणि घरचे दप्तर

‘बिनतारी’ हा शब्द मोठा फसवा आहे. तो ऐकताच तार म्हणून कोठे नाहीच, असा समज होतो. वस्तुतः नंदुरबारात बसून आपण मोबाइलवर जे वाचतो-पाहतो ते शेकडो मैल तारेतूनच आलेले असते. घरात वायफाय असेल, तर बिनतारी असतो तो शेवटचा दहा-वीस हातांचा टप्पा, राउटरच्या डबीपासून आपल्या हातातल्या यंत्रापर्यंतचा. आणि घोटाळे पाहावेत तर बहुधा याच दहा-वीस हातांत होतात. आज आम्हांला त्या घोटाळ्यांविषयी सांगावयाचे आहे. आम्ही अभियंते नाही. कामगारांच्या संघटनेचे काम करता करता, गरज पडली तेव्हा पुस्तके चाळून, जाणत्यांना विचारून आणि स्क्रू उघडून जे समजले, तेवढेच येथे मांडतो.

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य रेशनच्या दुकानात, बँकेत किंवा सेतू केंद्रात ज्याने ऐकले नाही असा माणूस या जिल्ह्यात सापडणे कठीण. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून ‘सर्व्हर’ नावाच्या अदृश्य साहेबाशी आपला संबंध वाढतच गेला. पण सर्व्हर म्हणजे साहेब नव्हे. मागितलेला कागद काढून देणारा तो कारकून आहे. कारकून मोठ्या कचेरीत असतो तसाच एका गाळ्याच्या दुकानातही असू शकतो. २०१२ साली इंग्लंडातल्या केंब्रिजहून विद्यार्थ्यांसाठी म्हणून ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक बाजारात आला. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर. म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढाच म्हणा ना! २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याच्या अंगातच वायफाय आले. त्याला एक डिस्क जोडली की घरचा सर्व्हर झाला.

आता एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या भागातली माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, बरीचशी सुरत-बारडोलीकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल, तिच्यावर चढलेले व्याज, रोजची तोड, मधल्या खर्च्या यांचा हिशेब एका लहानशा वहीत असतो आणि ती वही बहुधा मुकादमाच्या खिशात असते. आम्ही या वह्यांची पाने मोबाइलने टिपून ठेवतो. कोणी कोणाविरुद्ध तक्रार केली याचे कागदही त्यांत असतात. हे दप्तर परक्याच्या घरी, मग ती कंपनी कितीही मोठी असो, ठेवावे हे आमच्या मनाला पटत नाही. तक्रारदारांची नावे बाहेर गेली तर पुढच्या हंगामात त्यांना कोयता मिळावयाचा नाही. म्हणून दप्तर आपल्याच खोलीत, आपल्याच कुलपात. पण सुनावणीच्या सकाळी धडगावहून एस. टी. ने, रोज बुडवून आलेला माणूस समोर बसलेला असावा आणि कागद उघडू नये, तर त्या कुलपाचा उपयोग काय?

तेव्हा या वायफायचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आमच्या लहानपणी घरात नुसता रेडिओ ठेवावयाचा तरी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. १९३३ चा बिनतारी तारायंत्रांचा कायदा त्याच्या मागे होता. लहरी ही सरकारी मालमत्ता, तिला विचारल्यावाचून हात लावावयाचा नाही. अमेरिकेने १९८५ साली या रानाचे काही पट्टे सर्वांना मोकळे केले, १९९७ साली वायफायचे पहिले प्रमाण ठरले, आणि आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ साली बरेच मोकळे झाले. म्हणजे हे गावाचे गायरान आहे. कोणीही आपले ढोर सोडावे. शेजाऱ्याचे वायफाय, ब्लूटूथचा भोंगा, हॉटेलातली मायक्रोवेव्ह भट्टी, सारी त्याच कुरणात चरतात. कोणी अडवत नाही हा फायदा, आणि गर्दी झाली तर तक्रार करावयाची सोय नाही हा तोटा.

या गर्दीत वायफाय वागते मात्र शिस्तीने. चांगल्या सभेत जसे एक जण बोलत असताना दुसरा थांबतो, तसे प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते आणि रान शांत दिसले तरच बोलते. दोघे एकदम बोलले तर दोघेही थांबून थोड्या वेळाने पुन्हा बोलतात. म्हणून गर्दीत काम बंद पडत नाही, सावकाश होते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सर्व्हर आणि मोबाइल दोघेही वायफायवर असतील तर कागद हवेतून दोनदा जातो: सर्व्हरकडून राउटरकडे आणि राउटरकडून मोबाइलकडे. दोघे एकाच पट्ट्यावर असतील तर वेग सुमारे निम्मा होतो. यात बिघाड काही नाही. रचनाच तशी आहे.

बिघाड शोधण्याची रीत आम्हांला रेल्वेच्या लोकांकडून पटली. भुसावळहून निघालेला माल सुरतेस पोचला नाही, तर ‘रेल्वे बिघडली’ असे ओरडून भागत नाही. अमळनेर सुटले का, दोंडाईचा सुटले का, नंदुरबार, नवापूर, व्यारा असे विचारीत जावे लागते. येथेही तसेच. पहिला प्रश्न असा की इंटरनेट गेले आहे की घरातले जाळे? लोक दोन्हींना ‘नेट गेले’ म्हणतात, आणि अर्धा घोळ या शब्दानेच होतो. घरचा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवाचूनही घरातल्या मोबाइलला कागद देऊ शकतो. बाहेरची तार तुटली असताना सर्व्हर उघडत असेल तर त्याच्यावर राग काढण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न, मोबाइल राउटरपर्यंत पोचतो का? तिसरा, सर्व्हर राउटरपर्यंत पोचतो का? राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तीत सर्व्हरचे नाव आहे की नाही ते पाहावे. नाव असेल तर गाडी स्टेशनात आहे, पुढे पाहा. नसेल तर त्याच्या विजेपासून सुरुवात करा.

वीज म्हटल्यावर कोणी म्हणेल, दिवा तर लागला आहे! दिवा लागणे आणि पोटभर मिळणे यांत अंतर आहे. चौथ्या आवृत्तीच्या पायला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. घरात पडलेला जुना मोबाइलचा चार्जर किंवा बारीक तारेची वायर लावली की संगणक चालू दिसतो, पण लहरी फेकण्याचा जोर आला की दाब खाली जातो. तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याची नोंद हे यंत्र स्वतःच करून ठेवते. ती वाचावी. उपाशी माणसाला कामचुकार म्हणण्याची सवय काही मालकांना असते. यंत्राच्या बाबतीत ती आपण लावून घेऊ नये.

त्यापुढे पत्ता. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो, जसे १९२.१६८.१.१०. पण हा क्रमांक मालकीचा नसतो, लॉजमधल्या खोलीसारखा मुदतीचा असतो. वीज जाऊन आली, सारे पाहुणे नव्याने दारात आले, की व्यवस्थापक कालची खोली दुसऱ्याला देऊ शकतो. मग मोबाइल जुन्या खोलीचे दार ठोठावतो आणि आत भलताच कोणी, नाहीतर कोणीच नाही. भारनियमनाच्या गावात ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. राउटरमध्ये सर्व्हरच्या नावे कायमचा क्रमांक राखून ठेवला की हा प्रश्न संपला. वीज आल्यावर दुसरीही एक अडचण होते. छोटा संगणक अर्ध्या-पाऊण मिनिटात जागा होतो आणि राउटरला कधी दोन-तीन मिनिटे लागतात. आधी उठलेला गडी दार बंद पाहून काही वेळा हाका मारतो आणि गप्प बसतो. त्याला थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यास सांगून ठेवावे.

भिंतींचे काय? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहून कमी. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी जाते पण तिच्या पट्ट्यात गर्दी फार; दुसरी वेगवान आणि मोकळी, पण खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या रुंद भिंती तिला मानवत नाहीत. पत्रा लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकते. म्हणून राउटर लोखंडी कपाटामागे किंवा पाण्याच्या टाकीच्या आड ठेवू नये. जोर मोजण्याचा आकडा मोबाइलवरही पाहता येतो आणि तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ७० पर्यंत चालते, उणे ८० ला भरवसा नाही. हे आकडे साध्या वजाबाकीचे नव्हेत. तीनने खाली गेले की शक्ती निम्मी, दहाने गेले की दशांश. उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचे अंतर आहे. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाटा आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. एकमेकींना न घासणाऱ्या १, ६ आणि ११ या तीनच. शेजारी सहावर असेल तर आपण सातवर जाण्यात शहाणपण नाही. एक किंवा अकरा धरावी.

आता एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो, कारण तो वरील कोणत्याच सदरात बसला नाही. आमच्या खोलीतला सर्व्हर दिवसभर ठीक असे आणि नेमका कागद काढावयाच्या वेळी नाहीसा होई. वीज पुरेशी, पत्ता राखलेला, जोराचा आकडा उणे ४८. एका दुकानदाराने सांगितले, ‘नवीन घेऊन टाका.’ दुरुस्तीच्या आधी ‘नवीन घ्या’ म्हणणे ही हल्लीची रीत आहे. कुशल कारागिराचा हात त्यामुळे रिकामा होत चालला आहे, पण तो विषय निराळा. आम्ही हजेरीची वही काढली. राउटरकडून दर सेकंदाला सर्व्हरला एक हाक, आणि उत्तर आले नाही तर त्याची वेळ. या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. शेजारच्या रकान्यात त्या वेळी खोलीत काय चालले होते ते. तासाभराने दोन रकाने शेजारी ठेवले तेव्हा दिसले की कोणी मोठे छायाचित्र उघडले की हाका बुडत. डिस्क फिरू लागली की वायफाय बहिरे! डिस्क काढली, हाका पूर्ण. पुन्हा लावली, पुन्हा बुडाल्या.

याचे कारण अद्भुत नाही. २०१२ साली इंटेल कंपनीने ते लिहून ठेवले आहे. यू. एस. बी. च्या तिसऱ्या पिढीच्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज ठोके जातात, आणि त्या गडबडीचा काही आवाज नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बाहेर सांडतो. डिस्क वायफायच्या अँटेनाला टेकून असेल तर तो कानाशी वाजणाऱ्या ताशासारखा होतो. वक्त्याचा आवाज तेवढाच, म्हणून उणे ४८ हा आकडा चांगलाच दिसत राहतो. पण श्रोत्याला शब्द लागत नाहीत. जोराबरोबर गोंगाटही मोजावा लागतो, तो असा. उपाय तीन होते. डिस्क हातभर चांगल्या वेष्टनाच्या तारेने दूर नेणे. निळ्या खाचेऐवजी काळ्या, जुन्या पिढीच्या खाचेत लावणे, म्हणजे वेग घटतो पण गोंगाट जातो. किंवा वायफायच ५ गिगाहर्ट्झवर नेणे. आम्ही तिन्ही एकदम केले नाहीत. एका वेळी एक बदल करावा आणि वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा ते कळत नाही. पहिल्याच उपायाने काम झाले.

बाकीच्या गोष्टी उभ्याउभ्या सांगून टाकतो. वायफायचा भाग वीज वाचवण्यासाठी डुलक्या घेतो. पहिली हाक उशिरा आणि पुढच्या लवकर, असे दिसले तर त्याची झोप बंद करावी. नव्या पायमध्ये देश कोणता ते सांगितल्यावाचून वायफाय उठतच नाही, कारण कोणत्या वाटा कायदेशीर हे देशावर ठरते. आणि राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे असेल तर त्यातली यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशी बहुधा व्यवस्था असते. सर्व्हर त्यात बसवला तर तो जिवंत असूनही कोणास सापडत नाही.

एवढे झाल्यावर शेवटी आमचे मत विचाराल तर, सर्व्हर राउटरपासून दोन हातांवर ठेवता येत असेल तर त्याला तारच लावावी. वायफाय हे चालत्या-फिरत्या मोबाइलसाठी. एका जागी बसणाऱ्या कारकुनाला त्याची गरज नाही. जाळ्याची साधी तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार काम करते. आम्ही लावू शकलो नाही, कारण खोली भाड्याची आहे, राउटर घरमालकाच्या ओसरीवर आहे आणि भिंतीला भोक पाडण्यास त्यांची परवानगी नाही. खिडकीच्या गजांतून चपटी तार नेता येते असे अलीकडे कळले आहे. गज आणि झडप यांत दोन मिलिमीटरची फट आहे. पावसाळ्यापूर्वी मोजून पाहणार आहोत.