परदेशी विद्युत अवजारे : किंमत आणि जोखीम

शाळेच्या कार्यशाळेसाठी परदेशस्थ माजी विद्यार्थ्याने ड्रिल पाठविण्याची तयारी दाखविली, तर प्रथम त्यावरील पाटीवरचा मजकूर मागवून घ्यावा. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तेथील ड्रिल येथे सरळ जोडल्यास मोटार जळण्याचाच संभव. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तर ८०० वॅटच्या ड्रिलला किमान १००० व्होल्ट-अँपिअरचा, चांगलाच जड असा लागतो. तो शिडीवर कोण नेणार? शिवाय त्याने ५० आवर्तनांची ६० होत नाहीत ती नाहीतच. सीमाशुल्क आकारताना किमतीत वाहतूक व विमाही धरतात. शुल्कासह या साऱ्या रकमेवर पुन्हा एकात्मिक वस्तू व सेवा कर बसतो. एवढे करून कार्बन ब्रश झिजला आणि तालुक्याच्या बाजारात त्या मापाचा मिळाला नाही, की ड्रिल कपाटात जाते.