बुडबुड्यांचा जमाखर्च

प्रात्यक्षिक परीक्षांच्या दिवसांत इंदूरच्या सियागंजात सोड्याच्या गोण्यांची थप्पी लावून बसलेल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे कोणी विद्यार्थी चमचाभर खाण्याचा सोडा मागावयास आला, तर शेठजींनी त्यास हुसकावून लावू नये, अशी माझी विनंती आहे. कारण त्या चमच्यावाचून हायड्रिला ही पाणवनस्पती परीक्षानळीत कर्बवायूविना उपाशी राहावयाची, आणि दिवा कितीही जवळ आणला तरी प्रकाशसंश्लेषणाचा वेग लवकरच खुंटावयाचा.

प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. डहाळीचे कापलेले टोक वर करून ती पाण्यात बुडवावयाची, शेजारच्या महाराणी रोडवरून आणलेला दिवा क्रमाक्रमाने दूर सारावयाचा, आणि टोकातून दर मिनिटास सुटणारे प्राणवायूचे बुडबुडे मोजावयाचे. अंतर दुप्पट केले की प्रकाश चतुर्थांश उरतो, हे मुलांस तोंडपाठ असते. सबब बुडबुडेही इमानेइतबारे चतुर्थांश झालेच पाहिजेत, अशा समजुतीने वहीतले आकडे बिनदिक्कत दुरुस्त होतात. वस्तुतः दिवा अगदी जवळ आला की आलेख सपाट होऊ लागतो, आणि प्रयोगाचे सारे मर्म त्या सपाटीत आहे. जो घटक सर्वांत अपुरा, तोच वेगाची मर्यादा ठरवितो, हे केंब्रिजच्या ब्लॅकमन यांनी 1905 साली प्रतिपादिले. सियागंजच्या गल्लीत मालाचे ट्रक दुप्पट लागले, परंतु हमाल तेवढेच राहिले, तर गोदाम काही दुप्पट वेगाने भरत नाही. प्रकाश मुबलक झाला की कर्बवायू वा तापमान हेच हमाल ठरतात.

परंतु बुडबुडा हा मोठा बेभरवशाचा साक्षीदार आहे. देठाच्या कडेस चिकटून तो फुगत राहतो आणि एकाएकी सुटतो. त्यामागून येणारे तीन-चार डोळ्यांस जेमतेम दिसतात. मोजणारा मात्र सर्वांस सारखेच मोल देतो. 1921 साली विल्मॉट यांनी बुडबुडे मोजण्याची पद्धत सुधारली खरी, पण या बाबतीत मला खरे अप्रूप वाटते ते जगदीशचंद्र बसूंचे. याच हायड्रिलाच्या डहाळीवर त्यांनी पाऱ्याच्या थेंबाची झडप अशा खुबीने बसविली की प्रत्येक बुडबुडा ठराविक आकारमानाचाच सुटावा, आणि सुटताक्षणी विजेचे मंडल पुरे होऊन फिरत्या नळकांड्यावर त्याची नोंद आपोआप व्हावी. हा सारा वृत्तांत त्यांच्या 1924 सालच्या ग्रंथात आहे. (त्याच साली इंदुरात हॉवर्डसाहेबांची वनस्पतिसंस्था स्थापन झाली, तिच्या कंपोस्ट खताचे कौतुक आपण अजून करतो, बसूंच्या हायड्रिलाची मात्र आपल्या प्रयोगशाळांत कोणी वास्तपुस्तही करीत नाही.)

उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलासारखी वागत नाही, हे बसूंच्या ध्यानी आले. उन्हाळी डहाळीत मॅलिक आम्ल साठलेले आढळे, आणि पाण्यात कर्बवायू नसतानाही ती प्राणवायू सोडीत राही. दुसरा कोणी असता, तर उपकरणात बिघाड आहे असे मानून त्याने त्या नोंदी दप्तरातून काढून टाकल्या असत्या. बसूंनी त्या छापल्या. सुमारे अर्धशतकानंतर फ्लोरिडातील संशोधकांनी त्यामागील यंत्रणा उलगडली: तापलेल्या, दाटीवाटीच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू तुटपुंजा झाला की ही वनस्पती कर्ब आधी आम्लाच्या रूपाने बांधून घेते आणि मग त्याच पेशीत तो मोकळा करून वापरते. मका आणि ऊस हेच काम दोन निरनिराळ्या प्रकारच्या पेशींत वाटून करतात. हायड्रिला एकाच पेशीत उरकते.

तेव्हा फेब्रुवारीत तळ्यातून काढलेली डहाळी आणि मे महिन्यात काढलेली डहाळी यांच्या आलेखांत तफावत निघाली, तर त्यात विद्यार्थ्याचा कसूर असेलच असे नाही. परीक्षकांनी गुण कापण्याआधी डहाळी कोणत्या तळ्यातली, कोणत्या महिन्यातली आणि सोडा किती घातला, एवढी तरी विचारपूस करावी; आणि ज्या वहीतले आकडे अगदी सरळ रेषेत बसतात, ती वही मात्र दोनदा तपासावी.