रायपूरचा रहिवासी आणि त्याचे कर

रायपूर शहरात राहणारा मनुष्य तीन सत्तांना कर देत असतो : केंद्र शासन, छत्तीसगड शासन आणि महानगरपालिका. कोणता कर कोणी घ्यावयाचा हा विषय वरवर रूक्ष वाटतो. परंतु रायपूर पूर्वी ज्या प्रांतात होते, त्या प्रांताला याच प्रश्नावरून एकदा न्यायासनापुढे उभे राहावे लागले होते.

१९३८ साली रायपूर हा मध्यप्रांत व वऱ्हाडमधील एक जिल्हा होता आणि प्रांताची राजधानी नागपूर ही होती. त्या वर्षी प्रांतिक विधिमंडळाने पेट्रोल व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ प्रमाणे कर बसविणारा कायदा केला. (त्याच वर्षी प्रांताचे पंतप्रधान झालेले रविशंकर शुक्ल हे रायपूरचेच वकील.) केंद्र सरकारने हरकत घेतली. देशात तयार होणाऱ्या मालावरील उत्पादनशुल्क हा केंद्राचा अधिकार असून प्रांताचा हा कर म्हणजे त्याच शुल्काचे दुसरे नाव होय, असे त्याचे म्हणणे होते. गव्हर्नर जनरलने हा प्रश्न नव्या फेडरल न्यायालयाकडे अभिप्रायार्थ पाठविला. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान व बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या तिन्ही न्यायाधीशांनी प्रांताचा कर वैध ठरविला. माल निर्माण होतो तेथे केंद्राने कर घ्यावा. तो बाजारात विकला जातो त्या व्यवहारावर प्रांताने घ्यावा, असा त्या निर्णयाचा मथितार्थ सांगता येईल.

ही सीमारेषा आज पुष्कळशी पुसली गेली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांचे बहुतेक विक्रीकर त्यात विलीन झाले. रायपूरच्या गोलबाजारात २,००० रुपये मूळ किमतीचा विजेचा पंखा घेतला, तर शेकडा १८ दराने ३६० रुपये कर पडतो. त्यांपैकी १८० केंद्राचे व १८० राज्याचे. पावतीवर हे दोन आकडे वेगळे छापलेले असतात, पण ते पाहतो कोण? पेट्रोल व डिझेल मात्र अद्याप या कराच्या कक्षेत आणलेले नाहीत. त्यामुळे पेट्रोलपंपावर दिलेल्या किमतीत केंद्राचे उत्पादनशुल्कही असते आणि राज्याचा मूल्यवर्धित करही. १९३८ सालचे दोन्ही वादी तेथे अजून शेजारी शेजारी उभे आहेत.

‘राज्याचा प्राप्तिकर’ असा कर मात्र छत्तीसगडमध्ये नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेतीखेरीज अन्य उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्राचा आहे; शेतीच्या उत्पन्नापुरता तो राज्यांकडे आहे. तथापि नोकरदाराच्या वेतनातून कापलेला पैसा सगळाच दिल्लीत राहतो असे नाही. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या विभाज्य रकमेपैकी ४१ टक्के राज्यांना देण्याची शिफारस केली होती. उपकर व अधिभार मात्र या वाटणीत धरले जात नाहीत, आणि राज्यांची जुनी तक्रार आहे ती नेमकी येथेच.

उरला घराचा कर. मराठीत ज्याला मालमत्ता कर म्हणतात, तो रायपूरला ‘संपत्तिकर’ या नावाने येतो. त्याचा पाया घराची किंमत हा नसून वार्षिक भाडेमूल्य हा आहे. म्हणजे घर भाड्याने दिले असता वर्षाला जे भाडे यावे, ते. ज्याने आयुष्यात कधी भाडेकरू ठेवला नाही त्यालाही हे कल्पित भाडे लागू होते, आणि पुष्कळांना ते अन्यायाचे वाटते. कायद्याची दृष्टी अशी, की घर राहण्याजोगे असेल तर मालक स्वतःच त्याचा उपभोग घेत असतो. हे मूल्य जागेचा भाग, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि उपयोग यांवरून काढतात, व त्यासाठी मालकाने स्वतःच विवरण भरून द्यावयाचे असते. ओसरीवर किराणा दुकान थाटले, की तेवढ्या भागाचा उपयोग बदलला. विवरणात तसे न लिहिल्यास फरकाची मागणी पुढे केव्हाही दारी येऊ शकते. उलट, मोजणीत क्षेत्रफळ अधिक धरले गेले असेल, तर त्याविरुद्ध दाद मागावयाची ती महानगरपालिकेकडे.